थंडरबर्ड विंडोजवरून लिनक्सवर नेताना: तुमचे मेल गेलेले नाहीत, ते डी ड्राइव्हवर आहेत

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर इथेच कळेल. कर सल्लागाराचं ऑफिस. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, कॉम्प्युटर जुना असल्यानं विंडोज ११ त्यावर चढत नाही. म्हणून नवीन एसएसडी घालून त्यावर लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी काढून कपाटात ठेवली. त्याआधी थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅमचा प्रोफाइल फोल्डर, म्हणजे त्याची खाती आणि सेटिंग्ज जिथे असतात तो, पेनड्राइव्हवर घेतला होता, तो मिंटमध्ये टाकला. दोन्ही खाती दिसली. जीमेल व्यवस्थित भरलं. पण ऑफिसच्या डोमेनचं जे पॉप खातं, ज्यात २०१० पासूनचा पत्रव्यवहार आहे, त्याचा इनबॉक्स जवळजवळ रिकामा. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘पूर्वी एकदा दुरुस्तीवाल्यानं मेल डी ड्राइव्हवर टाकून दिले होते, त्याचा काही संबंध असेल का?’

संबंध आहे. किंबहुना तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्या एका वाक्यातच आहे.

जुनी डिस्क तुम्ही पुसली नाहीत, हे फार बरं केलंत. तिला आत्ता हात लावू नका. पण त्याहून तातडीचं काम म्हणजे मिंटवरच्या थंडरबर्डला नवीन मेल आणण्यापासून थांबवा. अकाउंट सेटिंग्जमध्ये त्या पॉप खात्याच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये सुरू होताच मेल तपासण्याची एक खूण असते आणि दर दहा मिनिटांनी तपासण्याची दुसरी. दोन्ही काढा. असं का, ते पुढे सांगतो.

आधी पॉप आणि आयमॅप यांतला फरक, कारण तुमचं एक खातं आपोआप भरलं आणि दुसरं नाही, याचं कारण तिथेच आहे. आयमॅपमध्ये मूळ प्रत सर्व्हरवर असते, तुमच्या कॉम्प्युटरवर असते ती नुसती झेरॉक्स. जीमेल तुम्ही आयमॅपनं लावलेलं आहे, त्यामुळे कॉम्प्युटर बदलला तरी झेरॉक्स पुन्हा निघते. खरं तर जीमेलसाठी काही कॉपी करायची गरजच नव्हती. पॉपचं उलट. तिथे सर्व्हर म्हणजे गल्लीतली टपालपेटी. पोस्टमन पत्र टाकतो, तुम्ही घरी आणता, पेटी रिकामी. ‘सर्व्हरवर मेल ठेवा’ अशी खूण असेल तर काही दिवस तिथे एक प्रत राहते, पण १५ वर्षांचा पत्रव्यवहार बहुतेक तुमच्या घरीच आहे, बाहेर कुठेही नाही. म्हणून कुणी असं स्थलांतर विचारलं की मी ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल बोलतच नाही. पहिला प्रश्न असतो, यातलं काय फक्त तुमच्याच डिस्कवर आहे?

आता डी ड्राइव्हचं. आपल्याकडे विंडोज बिघडलं की सी ड्राइव्ह फॉरमॅट मारायचा, ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. त्यामुळे जाणता दुरुस्तीवाला गिऱ्हाइकाचे मेल आधी डी वर हलवायचा आणि थंडरबर्डला सांगायचा, इथून पुढे इथेच ठेव. मीही हे शेकडो कॉम्प्युटरवर केलंय आणि त्या काळात ते शहाणपणाचंच होतं. प्रोफाइल सी वर, मेल डी वर. फॉरमॅट झाला की खातं नव्यानं लावायचं, मेलचा फोल्डर दाखवायचा, काम झालं.

पण प्रोफाइल दुसऱ्या सिस्टिमवर नेताना हीच सोय उलटते. प्रोफाइलमध्ये ‘प्रेफ्स डॉट जेएस’ नावाची साध्या मजकुराची फाइल असते, तिच्यात प्रत्येक खात्याचे मेल कुठे ठेवलेत त्याचा पत्ता लिहिलेला असतो, आणि तोही दोनदा. एक पूर्ण पत्ता, ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होणारा. दुसरा सापेक्ष पत्ता, म्हणजे ‘प्रोफाइलच्या आत, मेल नावाच्या फोल्डरात, अमुक’. मेल प्रोफाइलच्या आत असले की दुसरा पत्ता कुठेही लागू पडतो. विंडोज, मॅक, लिनक्स, काहीही. थंडरबर्डचं प्रोफाइल नुसतं उचलून दुसरीकडे ठेवलं तरी चालतं ते यामुळेच. मेल डी वर असले की मात्र सापेक्ष पत्त्याला अर्थ उरत नाही, आणि लिनक्समध्ये डी नावाचं काही नसतंच. तुम्ही पेनड्राइव्हवर घेतलात त्यात खात्याची नावं, सेटिंग्ज, पासवर्ड सगळं होतं, फक्त पत्रं नव्हती. पेटी आली, कागद मागेच राहिले.

खात्री करायची असेल तर मिंटमध्ये ती फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये नुसती उघडून बघा, काही बदलू नका. तिच्यात ‘डिरेक्टरी’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून शोधा. डी आणि विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होणारा पत्ता दिसला की झालं. तो कागदावर उतरवून घ्या, पुढे लागेल.

आता मेल आणणं थांबवायला का सांगितलं ते. कुठले मेल आधीच आणलेत याची यादी थंडरबर्ड ‘पॉपस्टेट डॉट डॅट’ या छोट्या फाइलमध्ये ठेवतं. ती मेलच्या फोल्डरातच असते, म्हणजे तुमच्या बाबतीत तीही डी वर राहिली. मिंटवरचं थंडरबर्ड समजतंय की आपण आजवर काहीच आणलेलं नाही. सर्व्हरवर जे शिल्लक असेल ते सगळं ते पुन्हा उतरवणार. आणि ‘सर्व्हरवर ठेवा’ ही खूण नसेल तर तिथून पुसणारही. म्हणजे मिंट लावल्यापासून आलेली पत्रं आज फक्त त्या ‘रिकाम्या’ इनबॉक्समध्ये आहेत. घाईघाईत जुना फोल्डर त्यावर टाकलात तर १५ वर्षांचे मेल मिळतील आणि या आठवड्याचे जातील. आणि माणसाला नेमकं या आठवड्यातलंच पत्र हवं असतं.

म्हणून पहिलं काम हे. थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये नवीन फोल्डर करा, ‘मिंटवर आलेले’ म्हणा, आणि आत्ता इनबॉक्स व सेंटमध्ये जे काही आहे ते त्यात कॉपी करा. हलवू नका, कॉपीच करा. मात्र हे लोकल फोल्डर्स तरी प्रोफाइलच्या आत आहेत ना, ते त्याच फाइलमध्ये बघून घ्या; काही दुरुस्तीवाले तेही डी वर हलवायचे.

मग जुनी डिस्क काढा. मध्ये पेनड्राइव्ह आणू नका, साटा टू यूएसबी केबलनं ती थेट मिंटला जोडा. बाजारातले ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. थंडरबर्ड एका फोल्डरातले सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवतं, एकापुढे एक चिकटवून, म्हणजे इनबॉक्स हीच एक फाइल. तुमचा इनबॉक्स तुम्हीच ६ जीबीचा लिहिलाय. तो अशा पेनड्राइव्हवर जाणारच नाही, आणि कॉपी करताना आलेला संदेश ‘स्किप’ करून टाकणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. पेनड्राइव्हच वापरायचा असेल तर तो एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट करा, तिला ही मर्यादा नाही.

डिस्क जोडल्यावर मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये तिचे भाग दिसतील. डी असं नाव नसेल. विंडोजमध्ये त्याला जे लेबल दिलं असेल ते किंवा नुसता आकार दिसेल. विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना बंद केलेलं असेल तर तो भाग पूर्ण बंद झालेला नसतो, आणि लिनक्स तो फक्त वाचण्यापुरता उघडतं. घाबरू नका. आपल्याला वाचण्यापुरताच हवाय, उलट तेच सुरक्षित.

कागदावरच्या पत्त्यानं त्या फोल्डरापर्यंत जा. आत ‘इनबॉक्स’ नावाची, शेवटी टिंब नाही, एक्स्टेन्शन नाही, अशी एक बिनशेपटीची भलीमोठी फाइल दिसेल. तिच्याशेजारी त्याच नावाची एमएसएफ शेपटीची छोटी फाइल. आणि उपफोल्डर केले असतील तर एसबीडी शेपटीचे फोल्डर. बिनशेपटीची फाइल म्हणजे तुमचे मेल. एमएसएफ म्हणजे त्याची अनुक्रमणिका, ती बिघडली किंवा पुसली गेली तरी थंडरबर्ड नवी बनवतं. फार तर रकान्यांची मांडणी बदलेल. एसबीडी हे उपफोल्डरांचं घर. निवडत बसू नका, अख्खा फोल्डर उचला. ‘हे नको वाटतंय’ म्हणून गाळलेल्या फाइलमध्येच अशीलांचे फोल्डर होते, हे मी पाहिलंय.

मिंटमध्ये प्रोफाइल कुठे आहे? होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात, त्यात टिंबानं सुरू होणारा थंडरबर्डचा फोल्डर असतो. उबुंटू २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅप नावाच्या पॅकेजच्या स्वरूपात येतं, त्याचं प्रोफाइल होममधल्या ‘स्नॅप’ फोल्डरात खोलवर असतं. फ्लॅटपॅक हे दुसऱ्या प्रकारचं पॅकेज वापरणाऱ्यांचं आणखी तिसरीकडे. शोधाशोध नको असेल तर थंडरबर्डच्या मदत मेनूतून ट्रबलशूटिंगची माहिती उघडा, तिथे प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. दहापैकी पाच वेळा ‘कॉपी केलं पण काही दिसत नाही’ याचं कारण एवढंच असतं की माणसानं एका ठिकाणी टाकलं आणि थंडरबर्ड दुसरीकडे बघत होतं.

प्रोफाइलच्या आतल्या ‘मेल’ फोल्डरात तो जुना फोल्डर टाका. नाव रोमन लिपीत साधं ठेवा, मध्ये मोकळी जागा नको. मिंटवर थंडरबर्डनं स्वतः बनवलेला त्या खात्याचा फोल्डर तिथे असेल, त्यावर टाकू नका, शेजारी टाका. कॉपी नेहमीच्या फाइल मॅनेजरमधून करा. टर्मिनलमध्ये सुडो लावून, म्हणजे प्रशासकाचे अधिकार घेऊन, केलीत तर फाइलींची मालकी रूट या प्रशासक खात्याकडे जाते आणि थंडरबर्डला त्यात लिहिता येत नाही.

हे सगळं करताना थंडरबर्ड पूर्ण बंद हवं. ही गोष्ट मी माझ्या चुकीतून शिकलो. एका डॉक्टरांच्या दवाखान्यातले मेल हलवताना मी खिडकी बंद केली आणि समजलो प्रोग्रॅम बंद झाला. तो मागे चालू होता, त्याच वेळी नवा मेल आला, आणि माझी प्रत अर्धवट निघाली. मूळ डिस्क शाबूत होती म्हणून निभावलं. तेव्हापासून मी कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचा आकार जीबीत नाही, बाइटमध्ये जुळवतो. तुम्हीही जुळवा; गुणधर्म उघडले की आकडा दिसतो.

मग नेटची वायर काढून किंवा वायफाय बंद करून थंडरबर्ड उघडा. त्या खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये खाली ‘लोकल डिरेक्टरी’ आहे, ब्राउझ करून नवीन टाकलेला फोल्डर दाखवा. ज्या फोल्डरात ती बिनशेपटीची इनबॉक्स फाइल थेट दिसते तोच. एक पायरी वर किंवा खाली गेलात की पुन्हा रिकामं. थंडरबर्ड पुन्हा सुरू करायला सांगेल. ६ जीबीच्या इनबॉक्सची अनुक्रमणिका बनायला वेळ लागेल, मध्येच बंद करू नका. एखादा फोल्डर विचित्र दिसला, मेलच्या नावावर टिचकी मारली की दुसराच उघडतोय असं झालं, तर फोल्डरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, ‘रिपेअर फोल्डर’. तो अनुक्रमणिका नव्यानं करतो.

तपासताना नुसता वरचा मेल बघू नका. २०१० मधला एक मेल जोडपत्रासह उघडा, सेंटमधला विंडोजवरचा शेवटचा मेल उघडा, सगळ्यात खोल उपफोल्डरातला एक उघडा. तिन्ही उघडले की ‘मिंटवर आलेले’मधले मेल इनबॉक्समध्ये आणा, मग नेट चालू करा. सर्व्हरवर शिल्लक असलेले थोडे दुहेरी होतील, तेवढं सोसा.

दोन-तीन गोष्टी तुम्हाला नंतर टोचतील, त्या आत्ताच सांगतो. जागा वाचवायला पूर्वी जोडपत्रं ‘डिटॅच’ करून सी किंवा डी वर ठेवली असतील, तर मेलमध्ये फक्त त्या जागेचा पत्ता उरतो आणि तो लिनक्सवर चालणार नाही. फाइली जुन्या डिस्कवर असतात, पण शोधाव्या लागतात हातानं. सही एखाद्या फाइलमधून घेतली असेल तर तिचाही पत्ता तुटेल, नव्यानं दाखवा. पासवर्ड ‘की फोर डॉट डीबी’ आणि ‘लॉगिन्स डॉट जेसन’ या दोन फाइलींत जोडीनं राहतात. तुमची खाती चालू आहेत म्हणजे त्या आल्या. तरी सेटिंग्जमध्ये जतन केलेले पासवर्ड उघडून पॉपचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. २०१० साली टाकलेला पासवर्ड आज ऑफिसात कुणालाच आठवत नसतो.

जुने मराठी मेल उघडल्यावर एबीसीडीची खिचडी दिसली तर तो डेटाचा बिघाड नाही. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात रोमन अक्षरांच्याच जागांवर बसवलेला असतो, तो फॉन्ट विंडोजवर होता म्हणून मराठी दिसायचं. तुमच्याकडे परवान्याचा फॉन्ट असेल तर मिंटमध्ये बसवा. नाहीतर हवा तेवढाच मजकूर फॉन्ट बदलणाऱ्या साधनातून युनिकोडमध्ये घ्या. सगळे मेल बदलायच्या भानगडीत पडू नका. युनिकोडमधले मराठी मेल मात्र ठीकच दिसतील, फक्त वळण वेगळं, कारण मंगल किंवा निर्मला विंडोजबरोबर येतात आणि इथे नोटो किंवा लोहित असतो.

हे वाचून दुसरं कुणी हेच करणार असेल, तर त्याच्यासाठी काय बदलेल? मेल प्रोफाइलच्या आत असतील तर फारच सोपं, अख्खं प्रोफाइल उचला. विंडोजवर ते विंडोज आणि आर दाबून, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ लिहून उघडणाऱ्या फोल्डरात सापडतं. थंडरबर्डची स्वतःची एक्सपोर्ट सोय आहे, पण ती २ जीबीवरच्या प्रोफाइलला चालत नाही, आणि ऑफिसचं प्रोफाइल त्याहून लहान मी क्वचितच पाहिलं. विंडोजवरचं थंडरबर्ड नवं आणि लिनक्सवरचं जुनं असेल तर ते प्रोफाइल उघडायला नकार देतं. अशा वेळी जबरदस्ती न करता लिनक्सवरचं अद्ययावत करावं. आउटलुक असेल तर गोष्ट वेगळी. त्याचे मेल ज्या पीएसटी फाइलमध्ये असतात ती थंडरबर्ड लिनक्सवर थेट वाचत नाही. विंडोज आणि आउटलुक चालू असतानाच तिथल्या थंडरबर्डमध्ये आयात करून मग प्रोफाइल नेणं मला बरं वाटतं. विंडोज गेलंच असेल तर लिनक्सवर रीडपीएसटी हे साधन आहे. आणि मेल थोडे असतील तर सगळे ओढून आयमॅप खात्यात टाकायचे आणि दुसरीकडे उतरवायचे, हा आळशी पण उत्तम मार्ग. तुमचे सगळे फोल्डर मिळून होणाऱ्या २३ जीबी मेलला तो लागू नाही, जीमेलची फुकट जागा १५ जीबी आणि त्यात फोटो, ड्राइव्ह सगळं आलं. शिवाय अशीलांची कागदपत्रं तिसऱ्याच्या सर्व्हरवर चढवावीत का, हा वेगळा प्रश्न.

पुढे पॉपच ठेवायचं की आयमॅप करायचं, हे तुमच्या होस्टिंगवर किती जागा आहे त्यावर ठरेल. जागा पुरेशी असेल तर नवे मेल आयमॅपवर आणि जुना साठा लोकल फोल्डर्समध्ये, असं मी केलं असतं. काहीही करा, पण आता मेल प्रोफाइलच्या आतच राहू द्या, म्हणजे बॅकअपला एकच फोल्डर घ्यावा लागेल. ‘कॉम्पॅक्ट’ करून जागा मोकळी करायचा मोह लगेच नको. पुसलेले मेल कॉम्पॅक्ट होईपर्यंत फाइलमध्येच पडून असतात, आणि कॉम्पॅक्ट करताना अख्खी फाइल नव्यानं लिहिली जाते. आधी दुसऱ्या डिस्कवर एक प्रत, मग ते.

जुनी डिस्क निदान येत्या ३१ जुलैचे विवरणपत्रांचे दिवस उलटेपर्यंत कपाटातच राहू द्या. त्या धावपळीत कुठला मेल सापडत नाही ते आपोआप कळेल. आणि प्रेफ्सच्या फाइलमध्ये डी चा पत्ता दिसला नाही, तर पुढचं काहीच करू नका. त्या ओळीत काय लिहिलंय तेवढं इथे टाका, डोमेनचं नाव झाकून, मग बघू.